दर बुधवारी रात्री आठला गुदमरणारे वेब ॲप्लिकेशन: कनेक्शन पूल, लॉक आणि कागदावरचे गणित

पावसाळा सुरू झाला की पुण्यातून दर शनिवारी-रविवारी सह्याद्रीकडे बसगाड्या निघतात, आणि त्यांतल्या जागांची नोंदणी ज्या वेब ॲप्लिकेशनवर होते त्याची देखभाल आमच्या कोथरूडमधल्या लहानशा चमूकडे आहे. पुढच्या शनिवार-रविवारच्या ट्रेकची नोंदणी बुधवारी रात्री आठ वाजता उघडते. राजगड किंवा राजमाची असेल तर जागा सावकाश भरतात. अंधारबन किंवा हरिश्चंद्रगड असेल तर आठच्या ठोक्याला शेकडो माणसे एकाच पानावर येतात. जून महिन्यापासून असे होऊ लागले की आठ वाजून काही सेकंदांत संपूर्ण ॲप्लिकेशन निपचित पडायचे, कोणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करायचे, दोन-तीन मिनिटे बरी जायची, पुन्हा तेच व्हायचे, आणि साधारण साडेआठला सगळे आपोआप पूर्ववत व्हायचे. गुरुवारी सकाळी तपासायला बसावे तर हाती काही लागत नसे. असा दोष ज्यांच्याकडे ठरावीक वेळी परत परत येतो, त्यांना आमचा तपास कोणत्या क्रमाने गेला, कुठे चुकला आणि शेवटी कशावर थांबला हे उपयोगी पडेल असे वाटते.

रचना साधी आहे. पुढे विनंत्या स्वीकारून आत सोडणारा वेब सर्व्हर एनजिन्क्स, त्यामागे स्प्रिंग बूट या जावाच्या चौकटीवर चालणारा एक ॲप्लिकेशन सर्व्हर, त्यात टॉमकॅटचे मूळचे २०० थ्रेड, म्हणजे एका वेळी एकेक विनंती हाताळणारे कामकरी, हिकारी या कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे डेटाबेसशी आधीच जोडून ठेवलेल्या आणि पाळीपाळीने वापरायच्या जोडण्यांच्या साठ्यात, मूळची १० कनेक्शन, आणि पाठीमागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. पैसे भरण्यासाठी बाहेरचे पेमेंट गेटवे. त्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही, कारण दोष त्याचा नव्हता.

जी लक्षणे आम्हाला चकवत होती

पहिले लक्षण असे की ॲप्लिकेशन अडकलेले असताना सर्व्हरचा सीपीयू जेमतेम १५ टक्के वापरात असे आणि डेटाबेसचा त्याहूनही कमी. मेमरी शिल्लक, डिस्क शांत. यंत्र रिकामे आणि दारात मात्र रांग, असे दिसले की काम जास्त झाले म्हणून ते तुंबलेले नाही, कोणीतरी कशाची तरी वाट पाहत बसले आहे, असा तर्क आम्ही पहिल्याच दिवशी करायला हवा होता. तो केला नाही. आमच्या निरीक्षण फलकावर सगळ्यांत मोठा आलेख सीपीयूचा होता आणि तो हिरवा होता.

दुसरे लक्षण म्हणजे प्रतिसादवेळेचा आलेख. त्यात आम्ही सरासरी दाखवत होतो, आणि तीही पाच मिनिटांची. नंतर ९५व्या आणि ९९व्या शततमकाचे (१०० पैकी ९५ किंवा ९९ विनंत्या ज्या वेळेच्या आत संपतात त्या वेळेचे) आलेख लावले, तेव्हा ९९वा शततमक आठ वाजल्यापासून १० सेकंदांवर पट्टी मारल्यासारखा सरळ दिसू लागला. वास्तवात इतके सपाट काही नसते. मोजमापे साठवणाऱ्या प्रॉमिथियसच्या हिस्टोग्रॅमसाठी, म्हणजे वेळेच्या टप्प्यांनुसार विनंत्या मोजणाऱ्या नोंदीसाठी, आम्ही आखलेले टप्पे १० सेकंदांपाशी संपत होते, आणि त्यापुढची प्रत्येक विनंती, ती ११ सेकंदांची असो वा ३० सेकंदांची, त्याच शेवटच्या टप्प्याच्या कडेला टेकवली जात होती. शिवाय ही मोजणी टॉमकॅटचा थ्रेड मिळाल्यानंतर सुरू होत होती, त्यामुळे थ्रेड मिळण्याआधी दारात गेलेला वेळ कोठेच धरला जात नव्हता. खरी प्रतीक्षा एनजिन्क्सच्या नोंदींमध्ये होती, आणि तिकडे कोणी पाहिलेच नव्हते. वापरणाऱ्याला जे भोगावे लागते ते मोजायचे असेल तर मोजपट्टी त्याच्या जितकी जवळ लावता येईल तितकी लावावी लागते.

आधी केलेले आणि फसलेले उपाय

नोंदींमध्ये हिकारीची तक्रार दिसत होती: कनेक्शन उपलब्ध नाही, ३० सेकंद वाट पाहून विनंती सोडून दिली. यावरून पूल लहान पडतो असा निष्कर्ष काढून आम्ही तो १० वरून ५० केला. त्या बुधवारी ॲप्लिकेशन पूर्वीपेक्षा साधारण साडेतीन सेकंद उशिरा पडले. या साडेतीन सेकंदांचा अर्थ तेव्हा कळला नाही. पुढे कळला, आणि तो इतका काटेकोर निघाला की आधीच कागद-पेन घेऊन बसलो असतो तर दोन आठवडे वाचले असते.

पुढच्या आठवड्यात दुसरा ॲप्लिकेशन सर्व्हर लावला. काडीचा फरक पडला नाही. तो काढून टाकला आणि पूलही परत १० वर आणला, कारण एकाच वेळी चार गोष्टी बदललेल्या असताना कोणत्याही मोजणीला अर्थ राहत नाही.

भार चाचणीही केली होती. जेमीटरमध्ये १०० थ्रेड लावून तासभर चालवले, सगळे सुरळीत. या चाचणीत दोन दोष होते. एक, थ्रेडची संख्या ठरलेली असली की प्रत्येक थ्रेड आधीच्या विनंतीचे उत्तर आल्यावरच पुढची पाठवतो, म्हणजे सर्व्हर मंदावला की चाचणीही आपोआप सौम्य होते. बुधवारची माणसे इतकी समजूतदार नसतात, उत्तर आले नाही तर ती पान पुन्हा उघडतात. दुसरा दोष अधिक लाजिरवाणा होता. चाचणीसाठी पेमेंट गेटवेच्या जागी आम्ही एक नकली सेवा ठेवली होती आणि ती क्षणार्धात उत्तर देत होती.

कागदावरचे गणित

येथून तपासाला दिशा मिळाली. वापरलेले सूत्र एकच आणि जुने आहे. रांगांचा गणिती अभ्यास कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी १९०९ मध्ये मांडायला सुरुवात केली, आणि जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम आज सर्वत्र वापरला जातो. तो सांगतो की एखाद्या जागेत सरासरी किती जण असतील हे काढायचे तर दर सेकंदाला किती जण येतात याला प्रत्येक जण किती सेकंद थांबतो याने गुणावे. सदाशिव पेठेतल्या एखाद्या खाणावळीत तासाला ६० माणसे येत असतील आणि प्रत्येक जण अर्धा तास बसत असेल, तर ३० खुर्च्या कायम भरलेल्या असणार. स्वयंपाकी कितीही चपळ असो, जेवून झाल्यावर लोक गप्पा मारत बसले तर खुर्ची अडकलेलीच असते. हा शेवटचा भाग आमच्या प्रकरणाचा गाभा होता, पण तेव्हा ते लक्षात आले नव्हते.

एनजिन्क्सच्या नोंदींवरून आठनंतरच्या पहिल्या मिनिटात सेकंदाला साधारण ६० विनंत्या नुसती पाने पाहण्यासाठी आणि १२ विनंत्या जागा आरक्षित करण्यासाठी येत होत्या. पान दाखवायला डेटाबेसचे काम २० मिलिसेकंदांचे, आरक्षणाला ५० मिलिसेकंदांचे. म्हणजे पानांसाठी ६० गुणिले ०.०२ अशी १.२ कनेक्शन आणि आरक्षणासाठी १२ गुणिले ०.०५ अशी ०.६, एकूण १.८. पूलमध्ये १० कनेक्शन होती. कागद म्हणत होता की १८ टक्केच पूल वापरात असेल, आणि दर बुधवारी तो पूर्ण संपत होता.

अशा वेळी गणित पुस्तकी असते असे म्हणून कागद बाजूला ठेवण्याचा मोह होतो. पण सूत्रात दोनच संख्या असतात. येणाऱ्या विनंत्या नोंदींमधून मोजलेल्या होत्या, म्हणून संशय दुसऱ्या संख्येवर यायला हवा होता. ५० मिलिसेकंद हा आकडा आम्ही एसक्यूएल विधानांच्या, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञांच्या, वेळांची बेरीज करून काढला होता. तो डेटाबेसला काम करायला लागणारा वेळ होता. कनेक्शन किती वेळ हातात धरून ठेवले जाते, ही वेगळी राशी आहे. हिकारी तीही मोजतो, फक्त आम्ही ती फलकावर घेतली नव्हती. घेतल्यावर दिसले की आरक्षणाची विनंती कनेक्शन सरासरी दीड सेकंदाहून अधिक काळ धरते. १२ गुणिले १.५ म्हणजे १८. दहा खुर्च्या आणि अठरा माणसे.

कनेक्शन धरून कोण बसले होते

पुढच्या बुधवारी आम्ही दर पाच सेकंदांनी पोस्टग्रेसच्या चालू सत्रांची यादी, म्हणजे पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी, उतरवून घेतली. तिच्यात चित्र स्वच्छ होते. एक सत्र ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ या अवस्थेत, म्हणजे ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधले सगळे मिळून एकदम पक्के किंवा रद्द होणारे काम) उघडे ठेवून काहीही न करता बसलेले, आणि बाकीची नऊच्या नऊ लॉकची, म्हणजे एका वेळी एकालाच बदल करू देणाऱ्या कुलपाची, वाट पाहत. ती सगळी डेटाबेसच्या तक्त्यातल्या अंधारबनच्या एकाच ओळीसाठी थांबली होती.

आरक्षणाचा कोड वाचला तर क्रम असा: ट्रान्झॅक्शन सुरू करणे, ट्रेकची ओळ लॉक करून जागा शिल्लक आहे का ते पाहणे, एक जागा कमी करणे, पेमेंट गेटवेकडे ऑर्डर तयार करायला सांगणे, उत्तर आले की ते नोंदवून ट्रान्झॅक्शन संपवणे. सर्व्हिस वर्गातल्या एका मेथडवर ट्रान्झॅक्शनची खूण लावली की आतले सगळे त्यात येते, बाहेरच्या सेवेला केलेली विनंतीसुद्धा. गेटवेला एरवी दीड सेकंद लागत असे, आणि तो दीड सेकंद ती ओळ कुलूपबंद राहत असे.

आता दुसरे गणित. एका ट्रेकची ओळ एका वेळी एकालाच मिळते, म्हणून त्या ट्रेकची क्षमता दर दीड सेकंदाला एक आरक्षण, म्हणजे सेकंदाला ०.६७. येणाऱ्या विनंत्या १२. पूल १० चा असो वा ५० चा, सर्व्हर एक असो वा दोन, हा दरवाजा तेवढाच अरुंद राहतो. पूल ५० केल्यावर मिळालेल्या साडेतीन सेकंदांचा उलगडाही येथे झाला: सेकंदाला १२ जण आत येऊन जवळजवळ कोणीच बाहेर पडत नसेल, तर जास्तीची ४० कनेक्शन भरायला साधारण साडेतीन सेकंद लागतात. एकदा पूल भरला की नुसते पान पाहणाराही कनेक्शनसाठी ३० सेकंद खोळंबतो, आणि खोळंबताना टॉमकॅटचा एक थ्रेड अडवतो. सेकंदाला ७२ विनंत्या येत असताना २०० थ्रेड भरायला तीन सेकंदही लागत नाहीत. त्यानंतर आरोग्य तपासणीच्या विनंतीलासुद्धा थ्रेड मिळत नाही, निरीक्षण व्यवस्था सर्व्हर मेला असे कळवते, आणि माणूस रीस्टार्टचे बटण दाबतो. रीस्टार्टने बरे वाटायचे ते केवळ साचलेली रांग फेकली जायची म्हणून.

मग साडेआठला आपोआप बरे का व्हायचे? ४५ जागांना दीड सेकंद या हिशोबाने सगळे एक-सव्वा मिनिटात आटोपायला हवे होते. उत्तर वापरणाऱ्यांच्या सवयीत होते. दहा सेकंद पान हलले नाही की माणूस ते पुन्हा उघडतो, पण त्याची पहिली विनंती सर्व्हरवर रांगेत तशीच उभी असते, कारण पलीकडचा निघून गेला हे तिला कळत नाही. तिची पाळी येते, तिला जागा मिळते, ऑर्डर तयार होते, आणि ती पाहायला कोणीच नसते. पाच मिनिटांत पैसे आले नाहीत की आमचीच एक नियोजित प्रक्रिया ती जागा मोकळी करते. मोकळी झालेली जागा दिसली की पुन्हा झुंबड, पुन्हा काही जागा अशाच बेवारस नावांवर. पाच-पाच मिनिटांची चार-पाच आवर्तने झाली की साडेआठ वाजतात. एका गृहस्थांनी आम्हाला कळवले होते की नोंदणी बंद ठेवायची असेल तर निदान तशी पाटी लावावी. त्यांना त्या वेळी तीन जागा मिळालेल्या होत्या, फक्त त्यांना त्या दिसल्या नाहीत.

दुरुस्ती, आणि दोष परत आल्यावर

दुरुस्ती सांगायला सोपी आहे. एका लांब ट्रान्झॅक्शनचे दोन आखूड तुकडे केले. पहिल्यात जागा शिल्लक असेल तरच एक कमी करणारे एकच विधान आणि मुदतीसह तात्पुरत्या आरक्षणाची नोंद. मग ट्रान्झॅक्शन बंद करून गेटवेला विचारणा. उत्तर आले की दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये त्याची नोंद. गेटवेने नकार दिला किंवा उत्तरच दिले नाही, तर तात्पुरते आरक्षण मुदत संपल्यावर सुटते, त्यामुळे वेगळी उलटी प्रक्रिया लिहावी लागत नाही. शिवाय प्रत्येक आरक्षणाला ब्राउझरकडूनच एक ओळखक्रमांक द्यायला लावला, म्हणजे तोच माणूस पान पुन्हा उघडून आला तर त्याला त्याचीच आधीची जागा दाखवली जाते, नवी अडवली जात नाही. हिकारीची ३० सेकंदांची प्रतीक्षा ३ सेकंदांवर आणली. ज्याला उत्तर मिळणारच नाही त्याला ते लवकर कळलेले बरे.

यापुढचा बुधवार उजाडण्याआधी आम्ही कागदावर लिहून ठेवले: लॉकची प्रतीक्षा जवळजवळ शून्य, वापरातली कनेक्शन साधारण दोन. आठ वाजले. लॉकची प्रतीक्षा खरोखर नाहीशी झाली, आणि पूल तरीही भरला.

आकडा आधी लिहून ठेवल्याचा उपयोग येथे झाला. लिहिला नसता तर आधीपेक्षा बरे आहे म्हणून समाधान मानले असते, आणि बरे होतेही, कारण जागा आता भराभर भरत होत्या. पण दोनऐवजी दहा म्हणजे सूत्रातला एक आकडा अजून खोटा होता. कनेक्शन धरण्याचा वेळ पाहिला तर तो अजूनही दीड सेकंदच. ट्रान्झॅक्शन संपले, लॉक सुटला, पण कनेक्शन पूलमध्ये परत जात नव्हते. कारण स्प्रिंग बूटमधली ‘ओपन इन व्ह्यू’ ही सोय. ती मुळातच चालू असते, आणि डेटाबेसशी बोलणाऱ्या हायबर्नेट या लायब्ररीचे सत्र विनंती संपेपर्यंत उघडे ठेवते. एकदा घेतलेले कनेक्शनही त्याबरोबर शेवटपर्यंत अडकून राहते. ॲप्लिकेशन सुरू होताना याबद्दल एक सूचना नोंदींमध्ये उमटते. ती आमच्या नोंदींमध्ये पहिल्या दिवसापासून होती.

ती सोय बंद केली. लगेच दोन पाने मोडली, कारण ती पानाचा साचा भरून दाखवत असताना मागाहून डेटाबेसमधून माहिती ओढत होती. त्या दोन्ही ठिकाणी लागणारी माहिती आधीच एकत्र आणणाऱ्या क्वेरी लिहाव्या लागल्या आणि त्यात दोन दिवस गेले. त्यानंतरच्या बुधवारी वापरातली कनेक्शन दोन-तीनच्या वर गेली नाहीत. अंधारबनच्या जागा मिनिटाभरात संपल्या, आणि आता त्याच वेगाबद्दल तक्रारी येऊ लागल्या, पण त्या आमच्या अखत्यारीत नाहीत.

आता काय पाहतो

फलकावरून सीपीयू काढलेला नाही, पण तो खाली गेला आहे. वर आहेत ते कनेक्शनसाठी थांबलेल्या विनंत्यांची संख्या, कनेक्शन धरण्याचा वेळ, ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अवस्थेतल्या सर्वांत जुन्या सत्राचे वय आणि एनजिन्क्सपाशी मोजलेला ९९वा शततमक, टप्पे ६० सेकंदांपर्यंत वाढवून. पोस्टग्रेसमध्ये लॉकची प्रतीक्षा नोंदवण्याची सोय चालू केली आहे, म्हणजे एक सेकंदाहून अधिक खोळंबलेले प्रत्येक सत्र नोंदींमध्ये येते. इशारा मिळतो तो थांबलेल्या विनंत्या सलग १५ सेकंद शून्याच्या वर राहिल्यास. सरासरी प्रतिसादवेळेवरचा इशारा काढून टाकला, कारण तो एकदाही वेळेवर आला नव्हता.

पूल किती भरू द्यायचा, यासाठी रांगेचे आणखी एक सोपे समीकरण हाताशी ठेवतो. खिडकी एकच, येणारे कसेही येत असतील आणि प्रत्येकाच्या कामाचा वेळही तसाच कमी-जास्त होत असेल तर ५० टक्के व्यग्रतेला लागणारा वेळ दुप्पट, ८० टक्क्यांना पाचपट आणि ९० टक्क्यांना दहापट होतो. दहा कनेक्शनच्या पूलमध्ये वाढ इतकी लवकर सुरू होत नाही, पण वळण त्याच प्रकारचे असते आणि कडेला गेल्यावर तेही उभे चढते. म्हणून ७० टक्क्यांच्या पुढे आम्ही जात नाही. भार चाचणी आता के-सिक्समध्ये ठरलेल्या आगमनदराने होते, म्हणजे सर्व्हर मंदावला तरी विनंत्या येतच राहतात, आणि नकली गेटवे दीड सेकंद झोपून मगच उत्तर देतो.

कास पठारावर सप्टेंबरमध्ये फुले येतात तेव्हाची नोंदणी तिप्पट गर्दीची धरून हिशोब मांडून ठेवला आहे. सेकंदाला १८० पाने आणि ३६ आरक्षणे: कनेक्शन ३.६ अधिक १.८, एकूण ५.४, म्हणजे पूल ५४ टक्के. तो पुरेल. थ्रेडचे मात्र तसे नाही. गेटवेने दीड सेकंद घेतला तर ३६ गुणिले १.५ असे ५४ थ्रेड त्याच्यासाठी थांबतील. त्याने पाच सेकंद घेतले तर १८०, आणि आपल्याकडे २००च आहेत. गेटवेला हाक मारणाऱ्या आमच्या कोडमध्ये वेळमर्यादाच नव्हती हे या हिशोबामुळे ध्यानात आले, कारण तेथे वापरलेला स्प्रिंगचा क्लायंट ती स्वतःहून घालत नाही. आता पाच सेकंदांची मर्यादा घातली आहे आणि गेटवेकडे एका वेळी १०० हून अधिक विनंत्या जाऊ नयेत असा अडसरही. शंभराच्या पुढच्याला थोड्या वेळाने प्रयत्न करा असे तत्काळ सांगितले जाते, त्याची तात्पुरती जागा तोवर त्याच्याच नावावर राहते, आणि पाने पाहणाऱ्यांसाठी उरलेले १०० थ्रेड मोकळे राहतात. सेकंदाला १८० पानांसाठी त्यांतले दहासुद्धा लागत नाहीत.